मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल पेशीपटल घट्ट करतं की सैल?

नमस्कार मंडळी, लिपिडांचा (मेद आणि तशाच रेणूंचा) अभ्यास करते आहे आणि एका जागी अडकले आहे. जाणकारांनी कृपया समजावून सांगावं.

मेदाम्लांपर्यंत (फॅटी ॲसिड) चित्र स्पष्ट आहे. स्टिअरिक आणि ओलेइक, दोन्हींत कार्बन 18च. पण स्टिअरिकची साखळी सरळ, त्यामुळे रेणू एकमेकांना खेटून बसतात आणि ते सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळतं. ओलेइकमध्ये एकच सिस द्विबंध (साखळीचे दोन्ही भाग एकाच अंगाला ठेवणारा दुहेरी बंध), त्याने साखळीला बाक येतो आणि वितळणबिंदू थेट 13-14 अंशांवर उतरतो! एका बंधाने एवढा फरक पडावा, हे मला फार सुंदर वाटतं. पेशीपटल ज्यांचं बनतं त्या फॉस्फोलिपिडांचा दुहेरी थरही समजतो: पाण्याकडे डोकी, आत मेदाम्लांच्या शेपट्या. ट्रायग्लिसराइड म्हणजे ऊर्जेचा साठा, तिथे काही अडचण नाही.

गाडं अडतं ते कोलेस्टेरॉलपाशी. तापमान जास्त असताना ते पटलाची प्रवाहिता (सैलपणा) कमी करतं आणि तापमान उतरलं की पटल गोठू देत नाही, असं वाचलं. पहिला भाग पटतो: चार कड्यांचा ताठर सांगाडा शेजारच्या शेपट्यांची हालचाल रोखत असणार. पण मग तोच ताठर रेणू थंडीत उलटा परिणाम कसा करतो? सरळ साखळ्यांच्या मध्ये शिरून तो त्यांची नीटस रांग मोडतो, एवढंच कारण आहे का? शिवाय कोलेस्टेरॉल स्फिंगोमायलिन या पटलातल्याच दुसऱ्या लिपिडाच्या सोबतीला जास्त जातं, त्याचा याच्याशी काही संबंध लागतो का?

शक्य असल्यास रेणूंच्या मांडणीची आकृती काढून दाखवलीत तर फार उपकार होतील.