‘एक्झाइल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आयएफएस, म्हणजे इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स या उपचारपद्धतीवर मराठीत टिपण लिहिते आहे. लहानपणी मार, अपमान, हेळसांड सोसलेला मनाचा जो भाग आपण आत कोंडून ठेवतो, त्याला तिथे ‘एक्झाइल’ म्हणतात. ‘निर्वासित’ लिहू की ‘हद्दपार’? आणि ‘पार्ट’साठी ‘भाग’ की ‘अंश’?

प्रतिसाद १ : ‘पार्ट’साठी लांब जायला नको. ‘एक मन म्हणतं जावं, दुसरं म्हणतं नको’ असं आपण रोज बोलतो. १९८०च्या दशकात शिकागोत रिचर्ड श्वार्ट्झ यांना बुलिमियाच्या, म्हणजे अनावर खाऊन मग ते बहुधा उलटून काढण्याच्या आजाराच्या, रुग्णांकडून अशीच भाषा ऐकू आली आणि त्यातून ही पद्धत उभी राहिली. लिहिताना ‘भाग’, बोलताना ‘एक मन’.

‘हद्दपार’ मात्र अजिबात नको. हद्दपार गुंडाला करतात. ‘रडलीस तर याद राख’ असा दम खाल्लेल्या पोरीचा काय गुन्हा? ‘निर्वासित’मध्ये धाडणारा दिसत नाही. इथे धाडणारे आपल्याच आत असतात : कुठे चूक होऊ न देणारे ‘मॅनेजर’, आणि दुखणं उसळलं की दारूत, खाण्यात बुडवणारे ‘फायरफायटर’. तेही आपल्याला जपायलाच धडपडत असतात. मी ‘वनवासात धाडलेला भाग’ म्हणेन. वनवासाला जाणारा निर्दोष असतो, आणि तो परतणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं.

प्रतिसाद २ : पटलं. फक्त ‘वनवासी’ असं आखूड करू नका, त्या शब्दाचा वाद वेगळा आहे.

‘कम्पॅशन’ला ‘दया’ नको. ‘करुणा’ लिहा, समोरासमोर मात्र ‘माया’च पोचते. थेरपिस्ट विचारतात, ‘या भागाबद्दल तुला काय वाटतं?’ ‘चीड येते, किती रडकी आहे’ असं आलं की समजायचं, दुसरंच मन बोलतंय. त्याला जरा बाजूला बसायची विनंती करतात, जबरदस्ती नाही. ‘जवळ घ्यावंसं वाटतं’ असं आतून आलं, की मगच पुढे. कधी त्या भागालाच विचारायला सांगतात, ‘मी किती वर्षांची आहे, असं तुला वाटतं?’ उत्तर येतं, ‘आठ’. समोर बसलेल्या बाईची चाळिशी उलटलेली असते. आपण मोठ्या झालो, हे त्या पोरीला कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्नकर्ती : आणि ‘अनबर्डनिंग’? ‘भारमुक्ती’?

प्रतिसाद १ : ‘ओझं उतरवणं’. ‘मीच वाईट’ ही समजूत तो भाग पाण्यात, आगीत, वाऱ्यावर, हवी तिथे सोडतो. भाग राहतो, ओझं जातं. जुना आघात मोठा असेल तर हे एकट्याने घरी करून बघू नये, तेवढं टिपणात ठळक लिहा.