मदत हवी आहे: एनएचएल ड्राफ्टआधी कोवळा बचावपटू पारखायचा कसा?

मिसिसागाकर

मंडळी, क्रिकेटच्या धाग्यांच्या गर्दीत हा विषय काढतोय, सांभाळून घ्या.

ऑफिसात आमचा १२ जणांचा हॉकी पूल आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंतून प्रत्येकाने आपला कागदी संघ करायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मोजायचे. हॉकी म्हणजे बर्फावरची. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की तीच. दरवर्षी जूनअखेरीस एनएचएलचा (इथली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग) ड्राफ्ट होतो, ३२ संघ ७ फेऱ्यांत बहुतांशी १८ वर्षांच्या आसपासची पोरं उचलतात, आणि पुढच्या शनिवारी आम्ही त्याच पोरांतून आपापली निवड करतो. घेतलेला खेळाडू हवी तितकी वर्षं ठेवता येतो.

फॉरवर्ड निवडण्यात माझं बरं चालतं. बचावपटू आला की माती खातो. एका वर्षी उंची बघून घेतला, पोरगा साडेसहा फुटांचा होता, अजून मायनर लीगमध्येच आहे. पुढच्या वर्षी शहाणा झालो आणि ज्युनिअरमधले गुण (गोल आणि असिस्टची बेरीज) बघून घेतला. तोही वर जाऊन गप्प बसला. यंदा माझा तिसरा नंबर आहे आणि वर बचावपटू बरेच दिसतायत. तज्ज्ञांच्या याद्या वाचतो, पण प्रत्येकाची यादी वेगळी.

नेमकं काय बघायचं? ब्रॅम्प्टनला ओएचएलचे (ओंटारियोतली ज्युनिअर लीग) सामने होतात, घरापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊन बघणं जमेल. पण तिथे बसून डोळे कुठे ठेवायचे तेच कळत नाही.

गोळावाला

आम्हाला बर्फ फक्त गोळ्यावर घातलेला माहीत. कालाखट्टा चालेल का? बाकी वाचतोय.

कोपरारक्षक

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच घोळ आहे. डोळे पकवर (ती रबराची चकती) ठेवलेत की बचावपटू कधीच दिसणार नाही. एक पोरगा ठरवा आणि तो बर्फावर असेपर्यंत फक्त त्यालाच बघा, पक कुठेही असो. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतो, मग मजा यायला लागते.

मी लहानपणी कबड्डीत डाव्या कोपऱ्यावर खेळायचो, त्यामुळे हे मला तसंच दिसतं. चढाईवाला आत आला की कच्चा कोपरारक्षक दोन चुका करतो: एक तर घाबरून मागे मागे सरकतो आणि त्याला मैदान मोकळं देतो, नाहीतर घाईने पायावर झेपावतो आणि हात लावून घेतो. पक्का कोपरारक्षक अंतर धरून असतो. आइस हॉकीत याला गॅप म्हणतात. समोरचा फॉरवर्ड वेगात येतोय, पोरगा उलटा स्केट करतोय. तो आपल्या निळ्या रेषेवर (आपल्या बचावाच्या भागाची हद्द) त्याला अडवतो, की थेट गोलकीपरच्या मांडीपर्यंत सोबत करतो? रेषेवरच अंतर आवळलं तर फॉरवर्डला पक नुसता आत ढकलून द्यावा लागतो. आकड्यांच्या तक्त्यात याची कुठेच नोंद होत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी. विरोधकाने पक तुमच्या कोपऱ्यात ढकलला, पोरगा तो आणायला मागे वळला, पाठीवर एक धिप्पाड गडी धावून येतोय. पकला हात घालण्याआधी तो मान वळवून मागे किती वेळा बघतो ते मोजा. जो बघतो त्याला पुढचा पास कुठे द्यायचा ते आधीच माहीत असतं. जो बघत नाही तो एक तर काचेवर धडकतो, नाहीतर घाबरून पक काचेवरून बाहेर भिरकावतो. ज्युनिअरमध्ये ते खपून जातं. एनएचएलमध्ये तोच पक परत त्याच्याच अंगावर येतो.

आकडेमोड

कोपरारक्षकांशी सहमत, पण गुण अगदी टाकाऊ नाहीत. ते कुणी, कुठे, कितव्या वर्षी केले एवढं मात्र बघावं लागतं.

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये ९व्या क्रमांकावर कॅल्गरीने झेन पारेख घेतला. ओएचएलमधल्या सॅगिनॉकडून त्या मोसमात ६६ सामन्यांत ९६ गुण, त्यात ३३ गोल, आणि तेही बचावपटू असून! लगेच पुढे १०व्या क्रमांकावर न्यू जर्सीने अँटन सिलायेव्ह घेतला. त्याचे त्या मोसमातले गुण ११. दोघांत ८५ गुणांचा फरक आणि ड्राफ्टमध्ये एका घराचा. कारण सिलायेव्ह सहा फूट सात इंच उंचीचा, आणि रशियाच्या केएचएलमध्ये मोठ्या बाप्यांसमोर खेळत होता. पारेख आपल्या वयाच्या पोरांसमोर, तेही त्या वर्षी ज्युनिअरांचा मेमोरियल कप जिंकलेल्या संघातून.

आणि जन्मतारीख बघाच. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हावी लागतात. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला तारखेची जी मारामारी असते ना, तीच भानगड. २०२५ ला आयलंडर्सनी पहिल्याच क्रमांकावर घेतलेला मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबरचा, म्हणजे रेषेच्या अलीकडे जेमतेम दहा दिवस. २०२४ चा ७वा, ऑटावाचा कार्टर याकेमचुक, २९ सप्टेंबरचा; रेषा चुकली म्हणून त्याला ज्युनिअरमध्ये एक अख्खं वर्ष जास्त मिळालं. या दोघांच्या ड्राफ्टच्या वर्षातले आकडे शेजारी ठेवायचे तर जवळपास वर्षभराचा फरक धरून ठेवायचे. शेफरने तर कॉलरबोन मोडल्यामुळे ओएचएलमध्ये फक्त १७ सामने खेळले होते. तरी पहिला गेला. त्याचं स्केटिंग बघितलेल्या कुणालाच नवल वाटलं नाही.

कॅल्गरीची ताई

मुलगा दहा वर्षं खेळतोय, पहाटे सहाचा रिंक मला कुणी शिकवू नये. एकच सांगते: चूक केल्यानंतरच्या पाळीत (खेळाडू आलटून पालटून बर्फावर उतरतात ना, त्या प्रत्येक वेळेला पाळी म्हणायचं) पोरगा काय करतो ते बघा. बचावपटूची चूक सगळ्या स्टेडियमला दिसते, फॉरवर्डची लपते. काही पोरं नंतर पक मागायचीच बंद होतात. आणि तिसऱ्या पिरियडमध्ये एका गोलची आघाडी असताना प्रशिक्षक कुणाला बर्फावर पाठवतो ते बघा. त्याने याला रोज बघितलंय, तुम्ही दोनदा बघणार.

उंचीचं सोडून द्या हो. क्विन ह्यूज पाच फूट दहा, २०१८ ला ७वा गेला, २०२४ ला सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेऊन बसला. लेन हटसन त्याहून बुटका, २०२२ ला ६२वा, आणि २०२५ ला वर्षातला सर्वोत्तम नवोदित.

मिसिसागाकर

ताई, दादा, आकडेमोड, भरपूर मिळालं. पण मग एक शंका. इतकं सगळं व्यावसायिक स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) बघतातच ना? मग तेही का चुकतात?

कोपरारक्षक

चुकतात म्हणजे, २०१२ बघा. पहिल्या १० निवडींत ८ बचावपटू! त्यातले रायली, लिंडहोम, ट्रुबा उत्तम निघाले. पण ४था गेलेला ग्रिफिन राइनहार्ट एनएचएलमध्ये एकूण ३७ सामने खेळला. त्याच ड्राफ्टमध्ये कोल्टन परेको ८६वा होता आणि जेकब स्लेव्हिन १२०वा. स्लेव्हिन आज जगातल्या उत्तम बचावपटूंत धरतात, आणि त्याने ती जागा कमावली तीच कोपऱ्यातली शांत कामं करून. फॉरवर्डचा हात १८व्या वर्षी दिसतो; बचावपटूचं डोकं २२-२३ पर्यंत पिकत असतं. स्काउट कच्ची कैरी बघून आंबा ओळखायला बसतात.

आकडेमोड

स्लेव्हिनचं नाव निघालंच आहे तर विचारतो. मिसिसागाकर, तुमच्या पूलमध्ये मोजतात काय? पक अडवणं, खेळलेली मिनिटं, काही?

मिसिसागाकर

फक्त गोल आणि असिस्ट.

आकडेमोड

मग अर्धा धागा बाजूला ठेवा! तुमच्या पूलमध्ये स्लेव्हिन चार आण्यांचा.

बचावपटूच्या गुणांचा मोठा हिस्सा पॉवर प्लेवर (क्रिकेटचा नव्हे; समोरचा गडी शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचा खेळ) येतो, आणि पहिल्या पॉवर प्लेत बहुतेक संघ एकच बचावपटू ठेवतात. म्हणजे संघामागे खुर्ची एक. पोरगा कसा आहे हे बघून झालं की ज्या संघाने घेतलाय तिथे त्या खुर्चीवर कोण बसलंय आणि त्याचा करार किती वर्षांचा आहे ते बघा. तुमची निवड ड्राफ्टनंतर होते, हा तुमचा फायदा. एव्हन बुशार्ड २०१८ ला १०वा एडमंटनकडे गेला. फेब्रुवारी २०२३ अखेर एडमंटनने त्या खुर्चीवरच्या टायसन बॅरीला नॅशव्हिलला पाठवलं, खुर्ची रिकामी झाली, आणि पुढच्याच पूर्ण मोसमात बुशार्डचे ८२ गुण. मधली वर्षं ज्यांनी त्याला कंटाळून सोडला ते अजून हळहळत असतील. उलट बफेलोने २०२१ ला ओवेन पॉवर पहिला घेतला, पण तिथे रास्मुस डालीन आधीच बसलेला.

कोपरारक्षक

खुर्चीचं बरोबर. पण मागे न बघणारा पोरगा खुर्चीपर्यंत पोचतच नाही, दोन मोसमांत तिसऱ्या जोडीत जातो. तेव्हा आधी मान, मग खुर्ची.

मिसिसागाकर

शुक्रवारी ब्रॅम्प्टनला जातोय, दोन तिकिटं काढली. लेकीला मानेची मोजणी दिली आहे, दर पाळीला वहीत रेघा मारायच्या. मोबदला एक मोठं पॉपकॉर्न आणि एक पुटीन (फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही) ठरलाय. मी गॅप बघणार.

कॅल्गरीची ताई

वरच्या रांगेत कोपऱ्याकडे बसा, काचेजवळ नको. खालून गॅप दिसत नाही. आणि लेकीला जाड मोजे घाला.

गोळावाला

वहीचा फोटो टाका. कालाखट्टा माझ्याकडून.