एका डोळ्याने अंतर कसं कळतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि एका डोळ्यावर पट्टी, तर तिने चहा ओतला तो थेट बशीत 😅 पण मग मान जरा डावी-उजवीकडे हलवून बघितलं आणि दुसरा कप बरोबर भरला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

वाचल्यावर कळलं की याला मोशन पॅरलॅक्स म्हणतात, म्हणजे दिंडोरी रोडला गाडीतून बघा, द्राक्षबागेचे खांब सर्रकन मागे जातात आणि लांबचा रामशेज किल्ला मात्र आपल्यासोबतच चालतोय असं वाटतं. इथपर्यंत ठीक. घोळ पुढे आहे. मधल्या एखाद्या झाडावर नजर खिळवली की अलीकडचं सगळं मागे पळतं आणि पलीकडचं आपण जातोय त्याच दिशेने सरकतं, पण डोळ्याच्या पडद्यावर तर फक्त डावीकडे किंवा उजवीकडे सरकणारी चित्रं, मग मेंदूला कसं कळणार कुठलं जवळचं? २००८-०९ मध्ये माकडांवर प्रयोग झाले, मेंदूच्या एमटी (हालचाल ओळखणाऱ्या) भागातल्या पेशी म्हणे डोळा कुठे वळतोय तो सिग्नल सोबत जोडून हे ठरवतात.

आता माझा प्रश्न, मोबाईलवर गाडीच्या खिडकीतून काढलेला तसाच व्हिडिओ बघताना मी स्वतः तर सोफ्यावर बसलेलो, तरी काय जवळ, काय लांब ते जाणवतंच ना? मग तिथे काम कोण करतं, डोळ्यांची हालचाल की नुसती चित्राची? डोळ्यांचे डॉक्टर किंवा न्यूरोवालं कोणी असेल तर जरा सोप्या भाषेत सांगा प्लीज, आई पण रोज विचारतेय.