'वॉर्म यलो'ला मराठीत काय म्हणावं?

धंतोलीकर: एका इंटिरियरवाल्यांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. बैठकीच्या पानावर मथळा आहे 'वॉर्म यलो पॅलेट'. मी 'उबदार पिवळ्या छटा' केलं. त्यांचा निरोप आला, "मॅडम, मे महिन्यात पारा ४५ वर असताना नागपुरात उबदार भिंत कोण करून घेईल?" हसू आलं, पण मुद्दा बरोबर आहे. काही सुचतंय?

खडूफळा: नवा शब्द हवा कशाला? एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या प्रत्येकाने 'उष्ण रंग' आणि 'शीत रंग' लिहिलेत. तांबड्याकडे झुकणारा पिवळा उष्ण, हिरव्याकडे झुकणारा लिंबू शीत. 'उष्ण पीत रंगसंगती' करा.

बर्डीवाला: सर, 'उष्ण पीत' वाचून मले पित्तच आठवलं. काढ्याची जाहिरात वाटून राहिली.

शेवंती: 'हळदी' लिहा ना! साडीच्या दुकानात हळदी, आंबा, केशरी, लिंबू एवढं म्हटलं की पुरतं, उष्ण-शीत कुणी विचारत नाही. शिवाय वर्ध्याची वायगाव हळद जीआयवाली (भौगोलिक मानांकन मिळालेली), आपल्या शेजारची.

खडूफळा: 'हळदी' हे हिंदीचं वळण. अशाने उद्या पिवळ्यालाही 'पीला' म्हणाल.

बर्डीवाला: म्हणतोच तं! इतवारी बाजारात जाऊन पाहा.

रंगवाला_नंदनवन: ताई, मी साइटवर काम करतो. शब्द काहीही ठेवा, पण पत्रकात दोन गोष्टी टाका. कार्डावर आवडलेला पिवळा चारी भिंतींवर मारला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि तो दुप्पट गडद दिसतो. म्हणून एक छटा फिकी घ्यायची, किंवा एकच भिंत पिवळी आणि बाकी मोतिया. दुसरं म्हणजे दिवा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली हाच पिवळा हिरवट, आजारी दिसतो. ३००० चा बल्ब लावा, मग बघा. आकडा कमी तितका उजेड पिवळा, आणि गिऱ्हाईक हे हमखास उलटं धरून बसतं.

शेवंती: आजीच्या महाल भागातल्या घरी चुन्यात पिवडी कालवून भिंती रंगवायचे. हात लावला की बोटं पिवळी. उन्हाळ्यात तीच खोली सगळ्यात गार! 'पिवडी छटा' का नको?

खडूफळा: पिवडी म्हणजे गोमूत्राचा रंग. गाईंना आंब्याची पानं खाऊ घालून बिहारात मुंगेरकडे करत. त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी १८८३ साली त्यावर लिहिलंय.

रंगवाला_नंदनवन: सर, तो चित्रकारांचा महागडा रंग. भिंतीची पिवडी म्हणजे साधी पिवळी माती. नाव एक, माल वेगळा. चुन्यात हळद मात्र घालू नका, लाल होते.

धंतोलीकर: पिवडी आजच्या गिऱ्हाईकाला कळेल का? 'सोनसळी' कसं वाटतं?

रंगवाला_नंदनवन: सोनसळीत चकाकी आली. हा तर मॅट फिनिश आहे.

बर्डीवाला: 'पिवळाजर्द' करा.

शेवंती: जर्द म्हणजे फारसीत पिवळाच की! पिवळा-पिवळा झालं. जर्दाळूतला जर्दही तोच.

खडूफळा: मग 'पिवळाधमक' घ्या, अस्सल मराठी.

शेवंती: धमक तर लिंबूही असतो. त्यातून 'वॉर्म' कुठे निघालं?

बर्डीवाला: म्हंजे खर्र्यातला जर्दा बी पिवळा म्हणूनच का?

खडूफळा: खर्र्यात जर्दा नसतो. सुपारी, तंबाखू आणि चुना.

बर्डीवाला: सर, जर्दा म्हंजे तंबाखूच ना जी! आमच्या चौकातला टपरीवाला 'जर्दा कमी टाकू का' असंच इचारते.

खडूफळा: तुमचा टपरीवाला म्हणजे शब्दकोश नव्हे.

बर्डीवाला: तुमचा कोश बी कधी खर्रा घोटते काय?