मदत हवी आहे: आधी डीम्ड कन्व्हेयन्स (मालक-बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तर सरकारी आदेशाने ती सोसायटीच्या नावावर करून घेणं) की आधी ७९अ ची सभा (सहकार कायद्याच्या या कलमाखाली पुनर्विकासाचा विकासक निवडण्याची सभा)?

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, १९८६ ची इमारत, २० सभासद. जिन्याच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात, त्यामुळे पुनर्विकासाला १४ जण तयार आहेत. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ७५ ऐवजी ५१ टक्के संमती पुरते, म्हणजे आकडा जमतोय.

अडलंय ते जमिनीपाशी. सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव. बिल्डर वारला, वारस तीन गावांत. त्यांना रजिस्टर्ड पोस्टाने दोन नोटिसा पाठवल्या. एक पाकीट 'पत्त्यावर राहत नाहीत' शेऱ्यासह परत आलं, दुसऱ्याला उत्तरच नाही. ओसी (इमारतीचा भोगवटा दाखला) ही नाही, पण २०१८ च्या निर्णयानुसार स्वयंघोषणापत्र देऊन मोफाखाली (फ्लॅट मालकीविषयीचा राज्याचा कायदा) डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करता येतो असं वाचलंय. सोसायटी नोंदणी, इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीकृत कराराचा उतारा), मंजूर नकाशा हाताशी आहे. आधी काय करावं यावर वकील एक म्हणतो, आर्किटेक्ट दुसरंच. (विकासक म्हणतो 'तुम्ही सह्या करा, कन्व्हेयन्स मी बघतो'. तेच नकोय.)

चार घरं भाड्याने आहेत, चारही नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सवर, पागडी एकही नाही. त्यामुळे भाडेकरूंच्या हक्काचा प्रश्न नाही.

जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज प्रलंबित असताना ७९अ ची सभा घेऊन विकासक निवडला, तर ठराव पुढे टिकतो का? ठाणे जिल्ह्यात कुणी या क्रमाने गेलंय का, आणि वारस न सापडल्यावर वृत्तपत्रातली जाहीर नोटीस पुरली का?