डिस्क हातात आली तरी लिनक्सला पत्ता नाही! (हॉट-स्वॅप, डेबियन १३)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या वाचनालयात आम्ही चौघं दर रविवारी जुने दिवाळी अंक स्कॅन करतो. आजवरचं काम सुट्या यूएसबी डिस्कांवर होतं. त्यातली एक मे महिन्यात गेली आणि तिच्याबरोबर चार महिन्यांचे रविवार गेले. म्हणून वर्गणी काढून डिस्का सरकवायचे चार ट्रे असलेला जुना सर्व्हर घेतला. त्यावर डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि एमडीएडीएम या प्रोग्रॅमने दोन डिस्कांचा मिरर केला, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती.

खरे स्कॅन चढवण्याआधी रिकाम्या डिस्कांवर चाचणी करतोय. उद्या डिस्क बिघडली तर मशीन बंद न करता ती बदलता आली पाहिजे (हॉट-स्वॅप), आणि मी नसताना आमच्या काकांनाही ते जमलं पाहिजे. प्रत्येक ट्रेवर डिस्कचा सीरियल नंबर चिकटवलाय, कारण एसडीबी, एसडीसी ही लिनक्सने डिस्कांना दिलेली नावं कधी बदलतील याचा भरवसा नाही.

ट्रे १ ते ३ व्यवस्थित आहेत. डिस्क ओढली की डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदींत) लगेच 'लिंक डाऊन' येतं, नवी सरकवली की काही सेकंदांत दिसते.

अडचण चौथ्या ट्रेची. डिस्क काढून टेबलावर ठेवली, तरी डीमेसेज गप्प. मिररची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये दोन्ही डिस्का धडधाकट! मिररवर एक फाइल लिहिली तेव्हा कुठे एररी आल्या आणि डिस्क बाद झाली. नवी घातली तर तीही दिसेना. लिनक्सच्या 'स्कॅन' नावाच्या सिस्टम फाइलमध्ये तीन डॅश लिहून रीस्कॅन केल्यावर सापडली.

केबल बदलली, डिस्क अदलाबदल केली, फरक नाही. एमडीएडीएममध्ये डिस्क आधी फेल, मग रिमूव्ह केली, मग तिच्या 'डिलीट' नावाच्या सिस्टम फाइलमध्ये १ लिहून ती थांबल्यावर काढली, तर सगळं सुरळीत होतं. पण बिघडलेली डिस्क सांगून थोडीच जाते? नुसत्या एमडीस्टॅटवर विसंबलो असतो तर अर्धा मिरर कितीतरी दिवस कळलाच नसता.

चौथ्या ट्रेचा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) बिघडलाय की सेटिंग चुकतंय?

प्रतिसाद १
पोर्टला इतक्यात दोष देऊ नका. चारही पोर्टची 'लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी' वाचून इथे टाका. वीज वाचवायला लिंक झोपवली की एएचसीआय कंट्रोलर (डिस्कांचे पोर्ट सांभाळणारी चिप) डिस्क काढल्या-घातल्याची वर्दी देत नाही. नव्या कर्नलमध्ये बायोसने (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) हॉट-प्लग, म्हणजे चालू मशीनमध्ये डिस्क काढता-घालता येणारे, म्हणून दाखवलेले पोर्ट यातून वगळले जातात. बायोसमध्ये प्रत्येक पोर्टचं हॉट-प्लग वेगळं असतं, तेही बघा.

धागाकर्ता
तेच निघालं! १ ते ३ वर 'मॅक्स परफॉर्मन्स', चौथ्यावर 'मेड पॉवर विथ डीआयपीएम' (वीज वाचवणारी पॉलिसी). बायोसात चौथ्याचं हॉट-प्लग बंद होतं. चालू करून पाच वेळा डिस्क काढली-घातली, पाचही वेळा लगेच नोंद आली. मनापासून आभार. आता एकच विचारायचंय: मिरर तुटल्याची ईमेल एमडीएडीएमच्या मॉनिटरकडून चौघांनाही जावी, यासाठी काय करू? मी एकटाच मेल बघणारा नको.