रेषेबाहेरचे सर : खेळाडूचा कोच होताना तुम्ही काय पाहिलंत?

धागाकर्ता, परळ

परवा केनी नॅट यांचा विषय निघाला आणि लक्षात आलं, की आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे नावच माहीत नाही. २०११ मध्ये ते भारताच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे कोच होते. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडतात, त्यात १९८० मध्ये इंडियाना पेसर्सनी त्यांना घेतलं. पुढे यूटा जॅझ आणि कॅन्सस सिटी किंग्ज, पण एनबीएत खेळाडू म्हणून बस्तान काही बसलं नाही. मग यूटात जेरी स्लोन यांच्या हाताखाली सहायक. १९९७ आणि १९९८, लागोपाठ दोन फायनल शिकागोकडून हरताना त्यांनी बाकावरून पाहिल्या. डिसेंबर २००८ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जने भर हंगामात मुख्य कोच केलं. ५८ सामने, जिंकले ११. त्यानंतर आपल्याकडे.

खेळणं लवकर आटपलं आणि बाकावरचं आयुष्य मात्र लांबलं. अशी माणसं आपल्या मुंबईतही आहेत. तुम्हाला कोणी भेटलं का? तुम्ही स्वतःच तसे आहात का? आपल्या ओळखीच्यांची नावं नकोत, तक्रार चालेल.

भायखळ्याचा जुना

आमचं सगळं नागपाड्यात. तिथलं नेबरहूड हाऊस हे समाजकेंद्र १९२७ चं. टाटांची समाजकार्याची संस्था, आजची टिस, १९३६ मध्ये तिथेच सुरू झाली, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्यासाठी ती फक्त कोर्टाशेजारची इमारत. १९७० चे अर्जुनवीर अब्बास मुंतासिर याच मोहल्ल्यातले, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक पोरगा ड्रिबल करताना स्वतःला अब्बासभाई समजायचा.

आमचे सर राज्याकडून खेळलेले. गुडघा गेला नि सुटलं. घरी आम्ही मराठी, कोर्टावर मुंबईची हिंदी. 'बॉल मत देख, कमर देख,' हे दिवसातून पन्नास वेळा. समोरचा हाताने फसवतो, डोळ्यांनी फसवतो, पण कमर जाईल तिकडेच त्याला जायचं असतं. सर स्वतः कधी बॉलला हात लावायचे नाहीत. पायाशी आला तरी पायानेच ढकलून द्यायचे. आम्हाला वाटायचं, खडूस आहे.

एका पावसाळ्यात सिमेंट ओलं, प्रॅक्टिस बंद. चप्पल विसरली म्हणून मी परत गेलो, तर सर एकटेच रिंगखाली. उड्या मारता येत नव्हत्या, म्हणून जागच्या जागी हुक, म्हणजे एका हाताने डोक्यावरून टाकायचे शॉट, मारत होते. एक, दोन, तीन, चार. एकही चुकला नाही. मी चप्पल न घेताच निघून आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, 'कमर देख.'

मुलुंडची, सध्या दुबईत

मीच ती. आधी विद्यापीठाकडून खेळले, मग रेल्वेकडून, मग लग्न आणि इथे शाळेत कोच. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा कधी केला नाही, त्याची किंमत पहिल्या वर्षी मोजली.

मी डावखुरी आहे. पहिल्या बॅचला लेअप, म्हणजे दोन पावलं टाकून उडी मारत रिंगजवळून बॉल टाकणं, शिकवला, तो माझ्या पायाने: डावा, उजवा, उडी. दोन महिने वीस मुलं इमानदारीत तसंच करत होती आणि बॉल रिंगच्या भलत्याच बाजूला आपटत होता. मी ओरडतेय, 'मन लावून करा!' शेवटी एका फिलिपिनो मुलाच्या वडिलांनी हळूच विचारलं, 'मॅडम, सगळेच डावखुरे आहेत का?' फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट, त्यांना ते पहिल्याच दिवशी दिसलं असणार. इतके दिवस बिचारे गप्प बसले, तेही माझ्या नशिबाने.

खेळताना आपलं अंग सगळं जाणतं. अंगाला काय येतं हे मात्र आपल्याला माहीत नसतं. ते मला वहीत लिहून काढावं लागलं, पावलापावलाने.

एक त्रस्त, ठाणे

आमच्या क्लबातले सर प्रॅक्टिस मॅचमध्ये स्वतःच उतरायचे. पंधरा वर्षांच्या पोरांवर ब्लॉक मारून टाळ्या घ्यायचे. खेळाडू कोच होतात म्हणे.

शिक्षक, वरळी

नॅट यांचा दुवा आमच्या दारातच आहे की! ऑक्टोबर २०१९ मध्ये एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. म्हणजे ज्यांनी नॅटना ड्राफ्ट केलं ते आणि ज्यांनी कोच केलं ते. किंग्जचे मालक विवेक रणदिवेही जन्माने मुंबईकर.

४ तारखेला मी शाळेची पोरं घेऊन गेलो होतो. पेसर्स १३२-१३१, तेही ओव्हरटाइममध्ये. मी मात्र बाकाकडे बघत होतो. दोन्ही कोच माजी खेळाडू: नेट मॅकमिलन सिएटलकडून बारा हंगाम खेळलेले, पुढे अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघाचे सहायक, ल्यूक वॉल्टन लेकर्सबरोबर २००९ आणि २०१० चे विजेते. आमच्या सातवीतल्या एका मुलीने विचारलं, 'सर, ते सुटातले काका खेळणार नाहीत का?'

दादरकर

एक तिरका मुद्दा. भारताने २०१४ मध्ये वुहानला चीनला ६५-५८ असं हरवलं, तेव्हाचे कोच स्कॉट फ्लेमिंग एनबीएत एकही सामना खेळलेले नव्हते. आणि बाहेरून येणाऱ्याला विसरावंही बरंच लागतं. एनबीएत खेळाडू टाइमआउट मागू शकतो, फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात, म्हणजे आपल्याकडे, तो कोचनेच मागायचा. तिकडे क्वार्टर १२ मिनिटांचा, इथे १०. रिंगवर आदळलेला बॉल इथे वरच्या वर काढता येतो, तिकडे तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावायचा नाही. नॅटसारख्या माणसाची तीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे गंमत नाही.

धागाकर्ता, परळ

मुलुंडच्या ताई, लेअपचं पुढे काय झालं?

मुलुंडची, सध्या दुबईत

आधी मी पोरांकडे पाठ करून दाखवायचे. आता त्यांच्याकडे तोंड करून उभी राहते. मी डावा पाय टाकला, की आरशासारखा त्यांचा उजवा पडतो. बाकी तिकडे पाऊस थांबला का? नागपाड्याचं सिमेंट वाळलं असेल तर कोणीतरी फोटो टाका.